सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर अ‍ॅडॉप्टर लावूनही गाडी चार्ज होत नाही: दोष कुठे शोधायचा

घरी रात्रभर बिनतक्रार चार्ज होणारी इलेक्ट्रिक गाडी हायवेवरच्या हॉटेलात किंवा सरकारी कार्यालयाच्या आवारात चार्ज होत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा लागतो, नाहीतर चार्जिंग सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांत बंद पडतं. पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर जातो, नवा अ‍ॅडॉप्टर मागवला जातो आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेच घडतं.

याचं कारण साधं आहे. अ‍ॅडॉप्टर जोडाचा आकार बदलतो, बाकी काही नाही. मागून येणारा व्होल्टेज, जागेचं अर्थिंग, वायरची जाडी, स्टेशन आणि गाडी यांच्यातली सिग्नलची देवाणघेवाण, यांतलं काहीही तो सुधारू शकत नाही. उलट साखळीत आणखी दोन जोड वाढवतो. म्हणून नवा अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी साखळीतली नेमकी कोणती कडी तुटली आहे ते शोधायला हवं.

आधी समोर काय आहे ते ओळखा

महाराष्ट्रात चारचाकी घेऊन फिरताना मुख्यतः चार जोड भेटतात. सीसीएस-२ या वेगवान डीसी चार्जिंगच्या जोडाची जाड गन, म्हणजे केबलच्या टोकाचा हातात धरायचा प्लग, थेट गाडीत बसते, तिला अ‍ॅडॉप्टर लागत नाही. टाइप-२ चा एसी पॉइंट दोन तऱ्हांचा असतो: कुठे केबल आणि गन जोडलेलीच असते, कुठे भिंतीवर फक्त सॉकेट असतं आणि केबल आपण आणायची असते. तिसरा झाकण असलेला, गोल, निळा इंडस्ट्रियल सॉकेट. चौथा आपला नेहमीचा १६ अँपिअरचा तीन पिनचा.

बहुतेक तक्रारी निळ्या सॉकेटच्या असतात. हा ‘भारत एसी-००१’ या २०१७ च्या देशी मानकातला जोड. एका पेटीत तीन सॉकेट, प्रत्येकी १५ अँपिअर, म्हणजे साधारण ३.३ किलोवॉट. यातून सरळ साधी वीज येते, गाडीशी बोलणारं इलेक्ट्रॉनिक्स त्या जोडात नाही. ते काम गाडीबरोबर मिळालेला पोर्टेबल चार्जर करतो. त्यामुळे एका बाजूला निळा प्लग आणि दुसऱ्या बाजूला १६ अँपिअरचं सॉकेट असलेला अ‍ॅडॉप्टर मध्ये लावावा लागतो.

इथे चार्जिंग सुरूच झालं नाही तर पहिली चाचणी अशी करा. अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवा आणि त्याच आवारातल्या, मालकाच्या परवानगीने, एखाद्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर लावून पाहा. तिथे चार्जिंग झालं तर दोष अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा निळ्या पेटीत आहे. तिथेही लाल दिवा लागला तर दोष बहुधा जागेच्या अर्थिंगमध्ये आहे आणि अ‍ॅडॉप्टर निर्दोष आहे. मग त्याच पेटीतलं शेजारचं सॉकेट वापरून पाहा. पेटीला थ्री-फेज वीज येते आणि तीन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असतात. एक फेज गेलेली असेल तर एक सॉकेट मेलेलं आणि शेजारची दोन ठणठणीत, असं होतं. गावाकडे एक फेज जाणं नवीन नाही, तरी इथे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन्ही चाचण्या करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. सॉकेट, अ‍ॅडॉप्टर आणि अ‍ॅपमधला पॉइंट एकदम बदलला आणि चार्जिंग सुरू झालं, तर कशाने सुरू झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

लाल दिव्याचं खरं कारण

पोर्टेबल चार्जर गाडीला वीज देण्याआधी स्वतः तपासणी करतो. अर्थिंग मिळतंय का, हे तो पाहतो आणि नसेल तर वीज पुढे सोडत नाही. मिक्सर, फ्रिज, गिझर अर्थिंग नसलं तरी चालतात, त्यामुळे हॉटेलमालक शपथेवर सांगतो की सॉकेट उत्तम आहे, कालच गिझर चालला. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या कुठल्याच उपकरणाने अर्थिंग कधी विचारलेलं नसतं, तुमच्या चार्जरने ते पहिल्यांदा विचारलं.

मल्टिमीटर वापरता येत असेल, किंवा जवळ वायरमन असेल, तर तीन आकडे घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत हवं. फेज ते अर्थ सत्तर, शंभर, सव्वाशे असा अधांतरी आकडा दिसला तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा ती मुळात जमिनीपर्यंत पोचलेलीच नाही. न्यूट्रल ते अर्थ २३० दिसले तर सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत. आपल्या सॉकेटमध्ये अर्थचं मोठं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे असायला हवी. काही चार्जर उलटी जोडणी चालवून घेतात, काही नाकारतात. म्हणूनच एकाच सॉकेटवर शेजाऱ्याची गाडी चार्ज होते आणि आपली होत नाही. मीटर हाताळायची सवय नसेल तर तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर गाडीत ठेवा. तो अर्थिंग किती चांगलं आहे हे सांगत नाही, पण अर्थ तुटलेली आहे का आणि जोडणी उलटी आहे का, हे लगेच दाखवतो.

उन्हाळ्यात ही तक्रार वाढते. आपल्याकडे मुरूम आणि खाली काळा पाषाण. मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा मार्चनंतर सुकला की जमिनीचा रोध वाढतो. पावसाळ्यात चालणारं सॉकेट मेमध्ये लाल दिवा दाखवतं ते यामुळे. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतल्यावर चार्जिंग सुरू होतं, हे खरं आहे आणि वाटेत अडकलात तर तसं करायला हरकत नाही. पण हा त्या दिवसापुरता इलाज आहे. खड्डा नव्याने भरून घेणं किंवा केमिकल अर्थिंग करून घेणं ही जागेच्या मालकाची जबाबदारी आहे आणि ती त्याला स्पष्ट सांगायला हवी.

लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की चार्जिंग थांबतं, हाही याच घराण्यातला दोष. बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थशी बांधलेला नसतो. चार्जरला फेज आणि अर्थमध्ये अपेक्षित व्होल्टेज दिसत नाही आणि तो थांबतो. तिथे लाइट यायची वाट पाहणं हाच उपाय आहे.

‘अर्थिंग बायपास’ प्लग वापरू नका

बाजारात आणि ऑनलाइन एक छोटा प्लग मिळतो. तो लावला की लाल दिवा जातो. आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पिना एकमेकींना जोडलेल्या असतात, बस्स. चार्जरला वाटतं अर्थिंग आहे. प्रत्यक्षात गाडीचा पत्रा न्यूट्रलला बांधला गेलेला असतो.

आता असा प्लग फेज-न्यूट्रल उलटे असलेल्या सॉकेटमध्ये गेला तर काय होतं ते पाहा. न्यूट्रलच्या भोकात फेज आहे. म्हणजे गाडीच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट. गाडी रबरी टायरवर उभी असल्यामुळे जमिनीकडे करंट वाहत नाही, त्यामुळे काही ट्रिप होत नाही, ठिणगी उडत नाही, दिवा हिरवाच राहतो. ओल्या फरशीवर उभं राहून पहिला माणूस दाराच्या हँडलला हात लावतो तेव्हा सर्किट पूर्ण होतं. जोडणी सरळ असली तरी मागे कुठे न्यूट्रल तुटला तर परिणाम तोच होतो. पोर्टेबल चार्जरमधलं संरक्षण यात वाचवेल असं समजू नका. ते गडबड दिसली की फेज आणि न्यूट्रल तोडतं, अर्थची तार बहुतेक चार्जरमध्ये सलगच असते आणि धोका त्याच तारेतून येतोय. मागच्या पेटीत आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असेल याचीही खात्री परक्या जागेत देता येत नाही.

पार्किंगमध्ये मुलं खेळतात, कुणी गाडीला टेकून उभं राहतं. लाल दिवा त्यांच्यासाठी लागलेला असतो. तो दिवा विझवायला असा प्लग वापरणाऱ्याला मी प्रत्येक वेळी अडवतो, आणि तुम्हीही अडवा. त्या ठिकाणी चार्ज होत नसेल तर पुढच्या स्टेशनपर्यंत सावकाश गाडी न्या.

सुरू होतं आणि थोड्या वेळाने बंद पडतं

इथे अर्थिंग ठीक आहे हे सिद्ध झालेलं असतं. आता संशय उष्णतेवर घ्या.

जोड सैल किंवा काळवंडलेला असेल तर तिथे रोध तयार होतो. समजा तो फक्त ०.१ ओहम आहे. १५ अँपिअर वाहत असताना त्या एका जोडात साडेबावीस वॉट उष्णता तयार होते, जवळजवळ एका सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लास्टिकच्या आत, तासन्‌तास. ३२ अँपिअरला तोच जोड शंभर वॉटवर जातो. घरातला गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो म्हणून त्याच्या सॉकेटला हे कधी सोसावं लागत नाही. गाडी मात्र सहा-आठ तास सलग पूर्ण करंट ओढते.

अनेक पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो तापला की चार्जर करंट कमी करतो किंवा थांबतो. पण अ‍ॅडॉप्टर लावल्यावर एक अडचण होते. सेन्सर आपल्या प्लगमध्ये आहे, आणि पुढचा निळा जोड कितीही तापला तरी त्याला ते कळत नाही. म्हणून अ‍ॅडॉप्टर असेल तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात एकदा जाऊन हाताने पाहा. बाहेरून कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, जळका वास असेल, पिनेजवळ प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल, तर अ‍ॅपमधून चार्जिंग थांबवा आणि तो अ‍ॅडॉप्टर पुन्हा वापरू नका. पिना घासून पुसून तो बरा होत नाही, कारण आतली स्प्रिंग तापून मऊ पडलेली असते.

स्वस्त अ‍ॅडॉप्टर घेताना आतली वायर तपासून घ्या. एक चौरस मिलिमीटरची वायर या कामाला अजिबात चालत नाही. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची तरी हवीच, चार असेल तर उत्तम. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये १६ अँपिअरचा प्लग बसवून देणारे कन्व्हर्टर तर गाडीच्या आसपासही नकोत.

वाटेत अडलात आणि जोड थोडा तापतोय एवढंच असेल तर करंट कमी करा. काही गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा काही पोर्टेबल चार्जरच्या बटणावर ही सोय असते. १५ वरून १० अँपिअरवर आणलं तर उष्णता निम्म्याहून खाली येते, वेळ मात्र दीडपट लागतो. चार्जरची पेटी हवेत लोंबकळत ठेवू नका. तिच्या वजनाने प्लग खाली झुकतो, पिना एका कडेला टेकतात आणि तिथेच तापतात. खाली एखादी खुर्ची किंवा वीट ठेवा.

दुपारी बंद पडतं आणि रात्री नीट चालतं, असं असेल तर मागचा एमसीबी (जादा करंट गेला की वीज तोडणारा स्विच) पाहा. एमसीबीचं गणित ३० अंश तापमानाला धरून ठरवलेलं असतं. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीतला १६ अँपिअरचा एमसीबी सलग १५ अँपिअर सहन करत नाही. तो खराब नसतो, त्याचं काम करत असतो. अशा वेळी करंट कमी करणं किंवा संध्याकाळी येणं, एवढंच आपल्या हातात आहे.

दिवे हिरवे, पण चार्जिंग होत नाही

टाइप-२ मध्ये सात पिना असतात. पाच विजेच्या आणि अर्थच्या, दोन बारीक पिना संकेतांच्या. त्यांतली एक कंट्रोल पायलट. स्टेशन त्यावर १२ व्होल्टचा सिग्नल ठेवतं. गाडी जोडली की तो ९ वर येतो, गाडी ‘तयार आहे’ म्हणाली की ६ वर, आणि मगच स्टेशन वीज सोडतं. त्या सिग्नलच्या स्पंदनांची रुंदी गाडीला सांगते की किती अँपिअर ओढायचे. दुसरी पिन प्रॉक्झिमिटीची. केबलच्या आत एक छोटा रेझिस्टर असतो, तो ती केबल १३, २० की ३२ अँपिअरची आहे ते सांगतो. त्यामुळे २० अँपिअरची केबल घेऊन ३२ अँपिअरच्या पॉइंटवर गेलात तर गाडी २० च घेणार. तसंच व्हायला हवं.

‘जोडलेलं आहे’ असं दिसतं पण आकडा हलत नाही, तेव्हा या बारीक पिनांवर धूळ, ओल किंवा वाकलेपण आहे का ते टॉर्चने पाहा. गन आणि अ‍ॅडॉप्टर पूर्ण आत ढकला. गाडीच्या लॉकचा टक आवाज ऐकू यायला हवा. मग क्रम बदलून पाहा: आधी सगळे जोड लावा, गाडी जागी ठेवा, आणि अ‍ॅपमधलं ‘सुरू करा’ सगळ्यात शेवटी दाबा. काही पेट्या वीज सोडल्यावर थोडाच वेळ करंटची वाट पाहतात. तेवढ्यात पोर्टेबल चार्जरची स्वतःची तपासणी पूर्ण झाली नाही तर सेशन बंद होतं आणि दोष अ‍ॅडॉप्टरच्या माथी येतो. गाडीत रात्रीच्या वेळेचं शेड्यूल लावलेलं राहिलंय का तेही पाहा. घरच्या सोयीसाठी लावलेलं शेड्यूल बाहेर आठवत नाही.

वेग कमी मिळतो ही तक्रारही इथलीच. एसीवर गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर (एसीची डीसी करून बॅटरी भरणारा) जेवढा, तेवढाच वेग. ३.३ किलोवॉटवाली गाडी २२ किलोवॉटच्या पॉइंटवर लावली तरी ३.३ च घेते. ७.२ वाली सिंगल-फेज गाडी त्या पॉइंटच्या तीन फेजपैकी एकच वापरते.

टाइप-२ वरून तीन पिनचा अ‍ॅडॉप्टर

स्कूटरवाल्यांकडे हा दिसतो, आणि काही जण त्यावर चारचाकीचा पोर्टेबल चार्जरही लावतात. याच्या आत डायोड आणि रेझिस्टर असतात, ते स्टेशनला ‘गाडी तयार आहे’ असं भासवतात. म्हणजे वीज सतत चालू राहते, समोर गाडी असो वा नसो. स्टेशन ३२ अँपिअर द्यायला तयार असतं आणि अ‍ॅडॉप्टरचं सॉकेट १६ चं. मध्ये स्वतःचा फ्यूज किंवा एमसीबी नसलेला असा अ‍ॅडॉप्टर घेऊ नये. असलेला वापरताना प्लग चालू विजेत ओढू नका: आधी अ‍ॅपमधून थांबवा, दिवा बदलेपर्यंत थांबा, मग काढा. टाइप-२ गन थेट बसणाऱ्या चारचाकीला तर या वळणाची गरजच नाही.

पावसात हा आणि निळा, दोन्ही अ‍ॅडॉप्टर जमिनीवर पडू देऊ नका. गाडीत बसलेली टाइप-२ गन पावसाचे शिंतोडे सहन करते, मध्ये लोंबणारा तीन पिनचा जोड करत नाही. कोकणात जूननंतर आरसीसीबी पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर जोड सोडवून कोरड्या फडक्याने पुसा, आडोशाला वाळू द्या, आणि वाळल्यावरही ट्रिप होत असेल तर तो अ‍ॅडॉप्टर बाद करा. खाऱ्या हवेत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, तोही महिन्यातून एकदा पाहावा.

डीसीवर अ‍ॅडॉप्टर नाहीच

काही सरकारी आवारांत जुन्या डीसी पेट्या आहेत, ज्यांची गन सीसीएस-२ पेक्षा वेगळी, गोल दिसते. ईईएसएल या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये सरकारी खात्यांसाठी १०,००० इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली, त्या काळातलं हे ‘भारत डीसी-००१’. १५ किलोवॉटची ही पेटी ७२ व्होल्टच्या आसपासच्या बॅटरीसाठी बनलेली आहे. आजच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी ३०० व्होल्टच्या आसपास किंवा वर आहे. शिवाय ती पेटी गाडीशी ‘कॅन’ नावाच्या संदेशांच्या भाषेत बोलते, सीसीएस-२ पायलटच्या तारेवरून पॉवरलाइन संदेशांनी बोलतं. पिना जुळवून देणारा कुठलाही तुकडा हे अंतर भरू शकत नाही. कुणी तसा विकत असेल तर घेऊ नका. डीसीवर कोणताही अ‍ॅडॉप्टर गाडीच्या कंपनीने लेखी मान्य केलेला नसेल तर वापरायचा नाही, एवढं पक्कं ठेवा.

सीसीएस-२ वर चार्जिंग सुरू होता होता अडत असेल तर गन हाताने थोडी वर उचलून, आत दाबून धरा आणि लॉक होईपर्यंत सोडू नका. केबलच्या वजनाने गन खाली झुकते आणि बारीक पिना टेकत नाहीत. लॉक झाल्यावर स्टेशन आधी केबलचं इन्सुलेशन तपासतं, त्यात काही सेकंद जातात. त्या वेळात गन हलवू नका. ओल असेल तर ही तपासणी अपयशी होते, म्हणून गाडीच्या तोंडातली डीसीची दोन मोठी भोकं कोरडी आहेत का ते पाहा.

गन अडकली तर हिसका देऊ नका. अ‍ॅपमधून सेशन थांबवा, गाडी एकदा लॉक-अनलॉक करा, थोडं थांबा. तरी निघाली नाही तर मॅन्युअलमध्ये लॉक हाताने सोडवायची जागा दिलेली असते.

तक्रार करताना ‘चार्ज होत नाही’ एवढंच लिहिलं तर स्टेशनवाले दुरून पेटी रीस्टार्ट करतात आणि प्रकरण मिटवतात. पॉइंटचा क्रमांक, वेळ, चार्जरवरच्या दिव्याचा रंग आणि तो किती वेळा लुकलुकतो, गाडीच्या स्क्रीनचा फोटो, घेतले असतील तर व्होल्टेजचे तीन आकडे, आणि त्याच आवारातल्या दुसऱ्या सॉकेटवर काय झालं, हे सगळं लिहा. अर्थिंगचा दोष असेल तर तो शब्द ठळक वापरा आणि जागेच्या मालकालाही त्याच दिवशी सांगा, कारण त्या सॉकेटवर रात्री आणखी कुणीतरी गाडी लावणार आहे.